श्वास घडवायचा की नुसता पाहायचा?

प्रश्न : माझे वय ५२ असून मी नाशिकरोडला राहते. गेली चार वर्षे रोज सकाळी योगवर्गाला जाते. अलीकडेच इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. तिथे श्वासात काहीही बदल न करता तो जसा आहे तसा पाहायला सांगितले आणि आसने व प्राणायाम तेवढ्या दिवसांपुरते बंद ठेवायला लावले. वर्गात मात्र आम्ही श्वास मोजून घेतो, रोखतो आणि सोडतो. यातले बरोबर कोणते? दोन्ही करत राहिले तर चालेल का?

उत्तर : तुमचा गोंधळ रास्त आहे, आणि त्याची जबाबदारी शिबिरापेक्षा आम्हा योगशिक्षकांवर अधिक आहे. ‘प्राणायाम म्हणजे ध्यानच’ असे आम्ही वर्गात सहज बोलून जातो. मीही अनेक वर्षे तसेच शिकवले. वस्तुतः या दोन वेगळ्या कृती आहेत. प्राणायामात श्वास घडवायचा असतो. पूरक (श्वास घेणे), कुंभक (रोखणे) आणि रेचक (सोडणे) यांचे प्रमाण ठरलेले असते. आनापानसतीत, म्हणजे शिबिरात तुम्ही केलेल्या श्वास पाहण्याच्या साधनेत, श्वास केवळ जाणायचा असतो. तो लांब असेल तर लांब आहे, आखूड असेल तर आखूड आहे, इतकेच. मज्झिम निकाय या पाली बौद्ध ग्रंथातील महासच्चक सुत्तात बुद्धांनी बोधीपूर्वीच्या आपल्या खडतर तपाची हकिकत सांगितली आहे. नाक व तोंड बंद करून श्वास कोंडल्यावर कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज येऊ लागला, मस्तकात असह्य वेदना झाल्या, आणि तरीही हवे ते हाती आले नाही, असे ते सांगतात. अर्थात तो अतिरेक होता. वर्गातल्या सौम्य अनुलोम-विलोमाला तो निवाडा लावणे योग्य नाही. योगसूत्रांत पतंजलींनीही प्राणायामाने मन धारणेसाठी, म्हणजे एका जागी टिकून राहण्यासाठी, योग्य होते असे म्हटले आहे. म्हणजे ती तयारी आहे, आणि तयारी संपल्यावर पुढचे काम सुरू व्हायला हवे.

आमच्या वर्गांत नेमके तेच होत नाही. योगसूत्रांतील जवळपास दोनशे सूत्रांपैकी आसनावर जेमतेम तीन आहेत, आणि त्यांतले पहिले ‘स्थिरसुखमासनम्’ हे मुळात बसण्याविषयी आहे. आज आपण करतो त्यातले पुष्कळसे हठयोगाच्या ग्रंथांतून आणि विसाव्या शतकातील व्यायामपरंपरेतून आले. सूर्यनमस्कारांचा प्रसार औंधच्या पंतप्रतिनिधींनी केला आणि म्हैसूरच्या राजवाड्यात योगशिक्षक कृष्णमाचार्यांनी १९३० च्या दशकात आसनांचे शिक्षण आखले. त्यात कमी लेखण्यासारखे काहीच नाही, कारण त्यामुळे लाखो लोकांची शरीरे सुधारली. परंतु तासाभराच्या वर्गात पन्नास मिनिटे आसने, पाच मिनिटे प्राणायाम आणि उरलेल्या वेळात शवासन, ते संपण्यापूर्वीच सतरंज्या गुंडाळण्याची लगबग, असे झाले की बसायला वेळच राहत नाही. नाशिककरांनी तर याचा विचार अवश्य करावा. आपल्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तिथे वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा कार्षापण (त्या काळची नाणी) मिळावेत, यासाठी त्याने विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची त्यात नोंद आहे. पावसाळाभर एका जागी राहून साधना करता यावी, याची सोय समाजाने केली होती.

एकदा त्या लेण्यांच्या पायऱ्या चढून जा आणि वर पोचल्यावर लगेच ओसरीत बसा. धाप लागलेली असते, छातीचा भाता चालू असतो, आणि तो आवरण्याचा मोह होतो. आवरू नका. नाकपुड्यांच्या कडेला हवा किती जोराने लागते, ती कधी मंदावते, मध्येच कधी थांबल्यासारखी वाटते, एवढे पाहत राहा. तुम्ही काहीही न करता पाच-सात मिनिटांत श्वास आपोआप बारीक होतो. शिबिरात काय सांगितले होते, ते तिथे मला जितके स्पष्ट दिसले तितके वर्गात कधीच दिसले नव्हते.

तेव्हा दोन्ही जरूर करा, पण एकाच बैठकीत कालवू नका. आधी आसने, मग अनुलोम-विलोम, त्यानंतर उठून थोडे पाणी प्या आणि पुन्हा वीस मिनिटे स्वस्थ बसा. या वीस मिनिटांत श्वासाची मोजदाद बंद. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर कुंभक टाळा. शिबिरात आसने बंद असतात, याचे कारण ती वाईट आहेत असे नाही. तिथे त्यासाठी एकांताची वेगळी सोय नसते.

एक भेद मात्र झाकून ठेवू नये. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे चारही शब्द योगसूत्रांत आणि बौद्ध परंपरेत सारखे आहेत; श्रद्धा, वीर्य, स्मृती, समाधी, प्रज्ञा यांचा क्रमही तोच आहे. परंतु योगाला अखेर द्रष्टा पुरुष (पाहणारा आत्मा) प्रकृतीपासून, म्हणजे शरीर-मनासह साऱ्या दृश्य जगापासून, वेगळा ओळखायचा आहे, तर बुद्धांच्या शिकवणुकीत ‘मी’ म्हणून धरून ठेवावे असे काहीच सापडत नाही. हे दोन्ही एकच, असे सांगणे दोहोंवर अन्याय करणारे आहे.

प्रश्न : आमच्या घरी रोज बुद्धवंदना होते. योगवर्गात सुरुवातीला ओंकार म्हणायला सांगतात, तेव्हा अवघडल्यासारखे होते. काय करावे?

उत्तर : म्हणू नका. आसनांचा किंवा श्वासाचा परिणाम त्यावाचून अडत नाही. शिक्षकांना वर्गापूर्वी बाजूला घेऊन तसे सांगा. तेवढा वेळ तुम्ही डोळे मिटून मौन बसलात तर कोणाचीही हरकत असू नये. माझ्या वर्गात मी आता सुरुवातीला दोन मिनिटे सर्वांनाच मौन बसवतो, आणि ज्यांना मनात काही म्हणायचे असेल ते ते म्हणतात.