घरच्या घरी किल्ट कसा टांगावा आणि कसा वाळवावा? ड्रायक्लीनिंग परवडत नाही

तुम्ही लिहिलंय की ग्लासगोत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहता, दोन्ही मुलांसाठी जुने लोकरीचे किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा, कमरेला गुंडाळायचा घागरा) घेतलेत, ड्रायक्लीनिंग आणि किल्टचे खास हँगर दोन्ही परवडत नाहीत. वर "प्रश्न कंजूषपणाचा वाटला तर माफ करा" असंही जोडलंय. त्या माफीमुळे लिहायला बसले, नाहीतर असल्या प्रश्नांना मी उत्तरं देत नाही.

दर कार्यक्रमानंतर किल्ट ड्रायक्लीनला टाकणं हा निव्वळ पैशाचा माज आहे. चिखल उडाला तर वाळू द्यावा आणि ब्रशने झटकावा. घामाचा वास असेल तर रात्रभर हवेशीर टांगावा. डाग निघतच नसेल तेव्हा दुकानाची पायरी चढायची. हे मी माझ्या नणंदेला कित्येक वर्षं सांगतेय. ती अ‍ॅबर्डीनला राहते, तिथे ग्लासगोच्या मानाने पाऊस कितीतरी कमी, त्यामुळे तिला ओल्या किल्टबद्दल मत असण्याचा अधिकारच मुळात कमी आहे. पण मत आहे.

माझा मुलगा इथल्या एका पाइप बँडमध्ये, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या पथकात, साइड ड्रम वाजवतो; बँडचा पोशाख किल्टच. ऑगस्टच्या शेवटी डनून गावी काउअल गॅदरिंग हा स्कॉटिश खेळांचा आणि पाइप बँडचा मेळावा असतो, बँड तिकडे गेला होता. गूरकच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसेपर्यंत ऊन आणि मैदानात उतरल्यावर जो धरला पाऊस, तो संध्याकाळपर्यंत. मुलं भिजतच वाजवत होती. लोकरीची गंमत अशी की ती स्वतःच्या वजनाच्या तीस टक्क्यांपर्यंत ओल पोटात घेते आणि तरी हाताला फारशी ओली लागत नाही. पण हा किल्ट त्याच्याही पलीकडे गेलेला. घरी आला तेव्हा चुण्यांमधून पाणी ठिबकत होतं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बँडला एका लग्नात वाजवायचं होतं.

नेमका तेव्हाच नणंदेचा फोन. "उद्या सकाळी ड्रायक्लीनरकडे दे." रविवारी सकाळी! "मग टंबल ड्रायरमध्ये (कपडे गरम हवेत फिरवून वाळवणारं मशीन) टाक, लो हीटवर." मी म्हटलं, आम्ही दांडीवर घालतोय. त्यावर ती म्हणाली, "वहिनी, किल्ट म्हणजे काही आईचं लुगडं नाही दांडीवर टाकायला."

फोन स्पीकरवर होता आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोरच बसल्या होत्या. चिपळूणहून आमच्याकडे राहायला आलेल्या. त्या लेकीला काहीच बोलल्या नाहीत. उठल्या आणि कपाटातले मोठे टॉवेल काढायला लागल्या.

खरं तर ते लुगडंच आहे. पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागतं, सासूबाईंच्या लुगड्यापेक्षा एकच वार कमी. खाली शिवलेली दुमड नसते, कापडाचा मूळ काठच असतो. आणि चार महिने ऊन न बघता असलं कापड कसं वाळवायचं, हे चिपळूणच्या बाईला अ‍ॅबर्डीनच्या बाईने शिकवायचं?

"पिळू नको गं," हे त्यांचं पहिलं वाक्य. जेवणाच्या टेबलावर टॉवेल, त्यावर किल्ट, वर दुसरा टॉवेल, आणि तळहाताने दाबत जायचं. टॉवेल ओला झाला की बदलायचा. मग त्यांनी चुण्या एकेक हाताने बसवल्या आणि खालच्या काठाजवळ पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब कच्चे टाके घातले, म्हणजे वाळताना चुण्या फाकत नाहीत. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. इथले किल्ट शिवणारेही इस्त्रीच्या आधी तेच करतात.

आमचं घर जुन्या टेनेमेंटमधलं, म्हणजे इथल्या जुन्या चाळवजा इमारतीतलं. स्वयंपाकघरात छताला पुली आहे, दोरीने वर-खाली होणाऱ्या लाकडी दांड्या. किल्ट तिथे घडी करून टाकला नाही. कमरपट्टा दोन शेजारच्या दांड्यांना चिमट्यांनी लावला, पुढचे दोन्ही पदर (एकावर एक येणारे बिनचुण्यांचे भाग) एका दांडीला आणि चुण्यांची बाजू दुसरीला, म्हणजे मधून वारा खेळतो. कमरेपासून नितंबापर्यंत चुण्या शिवलेल्या असतात, आत कॅनव्हास आणि अस्तर. सगळ्यात उशिरा वाळतो तो हाच भाग. म्हणून टेबलफॅन खालच्या घेराकडे न लावता आतून कमरेकडे लावला आणि खिडकी बोटभर उघडी ठेवली. खिडकी बंद ठेवलीत तर ओल भिंतीत जाते आणि बुरशीवरून घरमालकाशी भांडण होतं ते वेगळंच.

सासूबाईंची एकच गोष्ट मी ऐकली नाही. त्यांना ऊब हवी होती. कोकणात पावसाळ्यात शेगडीवर टोपली उपडी घालून बाळाची दुपटी वाळवतात, तसं काही करता येईल का म्हणून त्या खोली गरम करणाऱ्या रेडिएटरकडे बघत होत्या. ते सुती कापडाला ठीक. किल्टचे कातडी पट्टे रेडिएटरवर कडक होऊन तडकतात आणि रेडिएटरच्या रेघा कापडावर उमटतात. टंबल ड्रायर तर त्याहून वाईट. ओली लोकर, उष्णता आणि घुसळण एकत्र आली की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड नमद्यासारखं होतं. ते परत सैल होत नाही, लो हीट असो की नसो.

सकाळी पुढचे पदर कोरडे, चुण्या किंचित दमट. ओलं फडकं ठेवून वरून इस्त्री नुसती दाबली, फिरवली नाही, टाके उसवले, आणि पोरगं वेळेवर गेलं. नणंद अजून म्हणते, "नशीब तुमचं." नशीब कसलं, तिची आई रात्री उशिरापर्यंत चष्मा लावून टाके घालत होती.

तुमच्याकडे पुली नसेल तर दोन खुर्च्यांच्या पाठींवर झाडूचे दोन दांडे समांतर ठेवा. मोठ्या माणसाच्या किल्टचीही लांबी २४ इंचांच्या आसपास असते, जमिनीला टेकत नाही. कुणाचा डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं मशीन) उसना मिळाला तर उत्तम. २०० वॅटचा दहा तास चालवला तरी दोनच युनिट. एरवी टांगायला कोटाचा जाड लाकडी हँगर आणि स्टेशनरीचे चार मोठे स्टीलचे क्लिप घ्या, क्लिपखाली फ्लॅनेलची चिंधी. किल्ट सुकाही दोन किलोंच्या आसपास भरतो, प्लॅस्टिकचा हँगर वाकतोच. क्लिपमध्ये कमरपट्ट्याचे सगळे थर आले पाहिजेत, नुसता वरचा पदर धरलात तर आतल्या चुण्या लोंबतात. बकलांचा गंज कापडाला लागू नये म्हणून वाळताना त्यांच्याखाली कागद सरकवा.

हे सगळं लोकरीच्या किल्टबद्दल. तुम्ही जुने घेतलेत म्हणून सांगते, आधी खात्री करा. आतल्या शिवणीतला एक धागा काढून सिंकवर जाळा. केस जळाल्याचा वास आला तर लोकर, वितळून कडक मणी झाला तर अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. ते किल्ट पुष्कळदा मशीनमध्येही धुता येतात, लेबल बघा, आणि मी वर लिहिलेलं निम्मं विसरा. बँडचा किल्ट असेल तर तो तुमचा नसतो, बँडचा असतो. धुण्याआधी त्यांना विचारा. जुन्या किल्टला कसर लागलेली असू शकते. बारीक भोकं दिसली तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा, मगच बाकीच्या कपड्यांत मिसळा.

आणि दोन्ही मुलांचे किल्ट एकाच हँगरवर चालतील का, तर नाही. ओले असताना तर अजिबातच नाही.