दगडी पाट राखणाऱ्यांचा पगार

प्रश्न : मुलीकडे मेलबर्नला गेलो असता तेथून तीनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला असलेले बज बिम पाहून आलो. गुंडिजमारा या तेथील मूळ रहिवासी समाजातील वाटाड्याने आम्हाला वाम मासे पकडण्यासाठी पूर्वजांनी रचलेले दगडी पाट दाखवले. अशा आडबाजूच्या जागेची निगा राखण्याचा खर्च कोण करते? युनेस्को करते का? आणि आमच्याकडच्या कातळशिल्पांसाठी एखादी मोठी कंपनी पैसे देऊ लागली, तर गावाने ते घ्यावेत का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : युनेस्को करत नाही. जागतिक वारसा यादीत नाव आले की परदेशातून पैशाचा ओघ सुरू होतो, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. त्या यादीशी जोडलेला निधी मुळात लहान असून तो प्रामुख्याने गरजू देशांसाठी राखलेला असतो. ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशाने आपला वारसा आपल्याच खर्चाने सांभाळावा, अशी अपेक्षा असते.

बज बिमचे नाव यादीत आले ते २०१९ मध्ये. केवळ मूळ रहिवाशांच्या सांस्कृतिक मूल्यांसाठी यादीत गेलेले ते ऑस्ट्रेलियातील पहिले स्थळ. परंतु खरी कथा त्याच्या चाळीस वर्षे आधी सुरू होते. त्याच भागातील पोर्टलंड या बंदराच्या गावाजवळ ॲल्युमिनियमचा कारखाना उभा राहणार होता आणि त्या जागेवर पूर्वजांचे अवशेष होते, म्हणून गुंडिजमारा समाजातील दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या. या जागेशी तुमचा संबंध काय, हाच त्यांना पहिला प्रश्न होता. १९८१ मध्ये उच्चतम न्यायालयाने त्यांना दाद मागण्याचा अधिकार आहे असे ठरवले, पुढे तडजोड झाली आणि १९८७ च्या कायद्याने बज बिम परिसरातील लेक काँडा या तळ्याजवळच्या जुन्या ख्रिस्ती मिशनची जमीन समाजाकडे परत आली. २००७ मध्ये त्यांचा पारंपरिक भूमिहक्क मान्य झाला आणि २०१० मध्ये वसाहतवाल्यांनी चर खणून कोरड्या पाडलेल्या त्या तळ्यावर बंधारा घालून पाणी पुन्हा अडवण्यात आले. हा क्रम मुद्दाम सांगतो आहे, कारण आपल्याकडे आधी नामांकनाचा फलक लागतो आणि जमिनीचा प्रश्न मागाहून निघतो.

आता पैशाकडे वळू. तेथील केंद्र सरकारची ‘मूळ रहिवासी संरक्षित क्षेत्र’ नावाची योजना आहे. समाज स्वेच्छेने आपली जमीन संरक्षित म्हणून जाहीर करतो आणि सरकार तिच्या निगराणीसाठी करार करून निधी देते. जमीन मात्र समाजाचीच राहते. बज बिमचा टायरेंडारा हा भाग २००३ मध्ये असा जाहीर झाला. या पैशातून आणि वेगळ्या रेंजर योजनेतून समाजातील तरुण-तरुणींना पगार मिळतो. तण काढणे, उपद्रवी जनावरांना आवर घालणे, आगीवर लक्ष ठेवणे, असे त्यांचे काम असते. आपण पाहिलेले ते पाट काळ्या ज्वालामुखी दगडांचे, चुन्याशिवाय रचलेले आहेत. त्यांतील सर्वांत जुन्याचे वय सुमारे ६,६०० वर्षे ठरले आहे. पाण्याच्या जोराने वाम एका अरुंद तोंडाशी यावी आणि तेथे लावलेल्या विणलेल्या निमुळत्या टोपलीत शिरावी, अशी ती योजना. चढणीचे मासे पकडणाऱ्या कोकणी माणसाला ती वेगळी समजावून सांगायला नको. असा दगड दोन वर्षांच्या प्रकल्पाने टिकत नाही. गवत दर वर्षी वाढते, म्हणून माणूसही दर वर्षी लागतो. २०२० च्या आरंभी वणव्याने गवत जळाले, तेव्हा तोवर न दिसलेला एक पाटही उघडा पडला.

राज्य सरकारने पायवाटा आणि पर्यटकांच्या सोयींसाठी पैसे दिले, २०२२ मध्ये तळ्याकाठी मत्स्यकेंद्र व उपाहारगृह सुरू झाले, आणि आपण तिकीट काढले त्याचाही त्यात वाटा आहेच. तरी केवळ तिकिटांवर रोजची निगा सोपवावी, असे मला वाटत नाही.

कंपनीच्या पैशाबद्दल मात्र त्याच देशातील दुसरे उदाहरण पाहावे लागेल. मे २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात रिओ टिंटो या कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतील शैलाश्रय सुरुंगाने उडवले. तेथे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा होत्या. कायदेशीर परवानगी कंपनीकडे होती आणि तेथील समाजाशी आर्थिक करारही झालेला होता. मात्र अशा करारांतील अटींमुळे समाजाला जाहीर हरकत घेणेही अवघड होते, हे नंतरच्या संसदीय चौकशीत पुढे आले. पुढे कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले, पण घळ गेली ती गेलीच.

तेव्हा पैसे घेऊच नयेत असे मी म्हणणार नाही. कोकणातील कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण त्यांच्याखालचा सडा, म्हणजे कातळाचे पठार, बहुतांशी खाजगी मालकीचा आहे, आणि चिऱ्याची खाण मालकाला रोख पैसे देते. कंपनीचा निधी आलाच तर त्यातील पहिला हिस्सा जमीनमालकाच्या बुडणाऱ्या उत्पन्नासाठी आणि दुसरा गावातल्याच राखणदाराच्या बारमाही पगारासाठी ठेवावा. कमान व फलक मागाहून पाहता येतील. गावाने कधी, काय आणि कोणाजवळ बोलू नये असे सांगणारे एकही कलम मान्य करू नये. करार मराठीत करून घ्यावा आणि सही होण्यापूर्वी तो ग्रामसभेत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवावा.