वॉरंटी संपायला महिना उरलाय आणि इंजिनमधून ऑइल गळतंय, काय करू?

आधी तक्रार लेखी नोंदवा. सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) ‘जनरल चेकअप’ नको, ‘इंजिन ऑइल लीक’ असंच लिहून घ्या. तारीख, किलोमीटर आणि तुमची प्रत हवीच. वॉरंटी वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी भरेल त्यावर संपते, म्हणून ओडोमीटरचाही फोटो काढा.

तेल खाली ओघळतं, त्यामुळे ओलं चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) पाहून चेंबरचंच पॅकिंग बदललं जातं आणि गळती तशीच राहते. खरा दोष बऱ्याचदा वर, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमध्ये असतो. इंजिन धुवून, तेलात यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) घालून, थोडी गाडी चालवून पुन्हा बघायला सांगा. सर्वांत वरचा ओला भाग शोधायचा. नुकतंच ऑइल बदललं असेल तर ड्रेन प्लगचा वॉशर आणि फिल्टर आधी पाहा.

इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडावरून थेंब पडत असतील तर मागच्या क्रँक सीलचा (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला तेल अडवणाऱ्या सीलचा) संशय घ्या. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी मोठी. इथे ‘थोडं पाझरणारच’ हे उत्तर मुळीच मान्य करू नका, लेखी मागा.

तोवर सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिकवर (तेल मोजायच्या पट्टीवर) तेलाची पातळी बघत राहा. लीक-स्टॉप (गळती थांबवायला तेलात घालायचं रसायन) घालू नका, बाहेरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडू नका. क्लेम नाकारायला तेवढं कारण पुरतं.