बहीण म्हणते, "दादा, तुला सांगून काय उपयोग?"

पत्र: ताई, मी आणि माझी धाकटी बहीण पहिल्यापासून एकदम क्लोज, पण वर्षभर झालं ती मला काही सांगतच नाही. तिने नोकरी बदलली हेसुद्धा मला आईकडून कळलं. विचारलं तर म्हणाली, "दादा, तुला सांगून काय उपयोग, माझं अर्धं बोलून व्हायच्या आत तुझं भाषण सुरू होतं." मला फार लागलं ते, कारण मी तिच्या भल्याचंच सांगत असतो. आणि खरं सांगू का, ती इतकी गोल गोल बोलते, तेच तेच परत सांगते, मग माझं लक्ष उडतं. नीट ऐकायला शिकता येतं का? – एक दादा

उत्तर:

दादा, तुला लागलं यातच तुझी माया दिसते, त्याबद्दल मला शंका नाही. आणि हो, शिकता येतं. पण तुझ्या पत्रातलं ते "गोल गोल बोलते" मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

जॅनेट बाव्हेलास या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग मांडला होता. एकाने आपण कसे थोडक्यात बचावलो तो प्रसंग सांगायचा, दुसऱ्याने ऐकायचं. पण काही ऐकणाऱ्यांना काम काय दिलं, तर सांगणारा इंग्रजी 'टी' अक्षराने सुरू होणारा शब्द बोलला की मोजायचा. म्हणजे शब्द न् शब्द कानावर पडतोय पण गोष्टीत मन नाही. आणि झालं काय, तर सांगणाऱ्यांनाच गोष्ट नीट सांगता येईना, तीही ऐन रंगात यायच्या जागी, कुणी शेवट गुंडाळून टाकला, कुणी तोच शेवट परत परत सांगत बसलं, कुणी उगाच खुलासे देत बसलं. आता तुझी बहीण आठव. ती मुळातच तशी बोलते की तुझ्यासमोर तशी बोलते? आईला ती हेच सगळं सरळ सांगत असेल तर गाडी कुठे अडलीये ते तुला कळेल. समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नसलं, "हं हं" भलत्याच जागी येत असलं, की माणूस चाचपडायला लागतो, आपलं पोचलं नाही असं वाटून परत सांगतो, मग तू अजून कंटाळतोस आणि ती अजून अडखळते.

यात तू काही वाईट माणूस ठरत नाहीस हां. २००९ साली जगातल्या दहा भाषांमधल्या गप्पा तपासल्या गेल्या, तर एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो असं दिसलं, आणि नुसतं एखादं चित्र बघून त्याचं नाव तोंडातून निघायलाच साधारण ६०० लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण सगळेच मनात उत्तर जुळवत असतो. गप्पाटप्पांमध्ये ते छानच, बोलणं पळतं. पण कुणी मनातलं, अवघड काहीतरी सांगत असेल तेव्हा हीच सवय नडते, कारण उत्तर तयार झालं की पुढचं ऐकूच येत नाही.

समजा ती म्हणाली, "आज मॅनेजरने सगळ्यांसमोर मला झापलं." तुझं उत्तर मला इथे बसून ऐकू येतंय, "अगं मग एचआरला मेल टाक ना, माझ्या ऑफिसात असं झालं होतं तेव्हा मी..." झालं, दोन वाक्यांत विषय तिच्यावरून तुझ्यावर. त्याऐवजी नुसतं "सगळ्यांसमोर?" एवढंच म्हण आणि थांब. कदाचित ती म्हणेल, "हो ना, आणि चूक माझी नव्हतीच, पण मला तोंडातून शब्दच फुटेना." बघ, तिला टोचतंय ते हे. एचआरला मेल टाकून ते जाणार होतं का?

ती थांबली की लगेच सुरू होऊ नकोस, एक श्वास जाऊ दे, बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते. सल्ला तोंडावर आलाच तर आधी विचार, "माझं मत सांगू का नुसतं ऐकू?" आणि ती नुसतं ऐक म्हणाली तर खरंच गप्प बस. फोन नुसता पालथा घालून चालत नाही, दुसऱ्या खोलीत ठेव. आणि ते "म्हणजे तुला असं म्हणायचंय की..." करून प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवायचं जे शिकवतात ना, ते सारखं सारखं नको प्लीज, घरच्या माणसाशी कस्टमर केअरसारखं कोण बोलतं! खरंच कळलं नसेल तेव्हाच विचार.

आणि दमलेला असशील, डोकं जागेवर नसेल, तर सरळ सांग की आत्ता माझं लक्ष लागणार नाही, जेवण झाल्यावर बसू, आणि मग तूच तिच्याकडे जा, तिने आठवण करायची वाट बघू नकोस. अर्धवट कान देऊन बसण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

आता तिच्याशी काय बोलायचं. मोठी मीटिंग लावू नकोस. "तू म्हणालीस ते बरोबर होतं, मी मधेच तोडतो, आता नाही तोडणार" इतकंच, आणि त्यावर सफाई देऊ नकोस, "पण मी तुझ्या भल्यासाठीच" हे तर अजिबात नाही. ती लगेच मन मोकळं करेल असं धरून चालू नकोस, आधी काहीतरी बारीकसारीक सांगून बघेल, ते नीट ऐक. दोन दिवसांनी आपणहून विचार, "त्याचं पुढे काय झालं गं?" तिला कळेल की तुझ्या लक्षात राहिलंय. आणि ती जे सांगेल ते तिला न विचारता आईच्या कानावर घालू नकोस, चांगल्या हेतूनेसुद्धा नाही.