मुलगा हडकुळा आहे, वजन वाढवायला पावडर सुरू करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, उंची 128 सेंटिमीटर, वजन 23 किलो. खाल्लेलं अंगी लागत नाही. शेजारचा त्याच्याच वर्गातला मुलगा 132 सेंटिमीटर आणि 38 किलो, आणि सासूबाई रोज ‘बघा, कसा गुटगुटीत आहे’ म्हणून त्याच्याकडं बोट दाखवतात.

मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. दर जूनला आणि जानेवारीला पोरांची उंची-वजनं वहीत मांडून ठेवतो, त्या वहीच्या जोरावर बोलतोय.

आधी हिशोब करू. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागायचं. तुमच्या लेकराचं उत्तर 14 येतं, शेजारच्याचं 21.8. मोठ्या माणसांचे आकडे इथं चालत नाहीत, लेकरांसाठी वयाप्रमाणं वेगळा तक्ता असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलासाठी मधला आकडा 16 आहे. 13.5 च्या खाली गेला तर कृश, 20.5 च्या वर गेला तर लठ्ठ. म्हणजे तुमचा बारीक आहे, पण रेषेच्या आत आहे. डॉक्टरकडं आधी जायचं असेल तर शेजारच्यानं जावं. त्याच्या मानेवर मळासारखा काळा, जाडसर पट्टा दिसतो का, आणि घासूनही जात नाही का, तेवढं त्याच्या आईला विचारा. तसं असेल तर साखरेची तपासणी लांबवू नये. (सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.)

आता खाण्याचं. मागं एकदा मी वर्गातल्या सगळ्यात हलक्या आणि सगळ्यात जड पोराला काल दिवसभर काय खाल्लं ते लिहायला लावलं. मला वाटलं, दोन्ही याद्या जमीन-अस्मान निघतील. कसलं काय! सकाळी चहा-टोस, शाळेच्या फाटकावर पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, घरी गेल्यावर परत एक. दोघांचंही तेच. फरक पुढं होता. जाड पोरगा त्यावर पोटभर जेवून मोबाईल घेऊन बसायचा. बारीक पोरगा अर्धी भाकरी मोडून उठायचा, कारण भूक पुडीनंच मारलेली. तसल्या तळलेल्या खाऊत 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास कॅलरी असतात. तेवढ्याच शेंगदाण्यातही असतात, पण त्यांत 25 ग्रॅम प्रोटीनही मिळतं.

हे जानेवारीच्या वजनात जास्त दिसतं. दिवाळीच्या सुमारास आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात. म्हातारीला चुलीपुढं दोन वेळा बसणं होत नाही, मग ती हातावर दहा रुपये ठेवते. तिला बोल कसा लावायचा? दुपारच्या शाळेतल्या खिचडीवर मात्र ही पोरं तुटून पडतात. पहिली ते पाचवीला त्यातून 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन मिळावं असं सरकारी प्रमाण आहे. तुमचा मुलगा इंग्रजी शाळेत जातो म्हणता, म्हणजे त्याचा सगळा भार डब्यावर.

म्हणून पावडर आणायच्या आधी महिनाभर एवढं करून बघा. सकाळचा चहा बंद. लेकराची भूकही मारतो आणि जेवणाच्या आसपास घेतला तर अन्नातलं लोहही नीट लागू देत नाही. त्याऐवजी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून द्या. डब्यात दशमी किंवा धपाटं, सोबत दही आणि शेंगदाण्याची नाहीतर कारळाची चटणी. मॅगीच हवी म्हणून रडेल, दोन दिवस रडू द्या. शाळेतून आल्यावर गूळ-शेंगदाणे किंवा उकडलेलं अंडं, तुमच्यात चालत असेल तर. रात्री घट्ट वरण, पाणी-पाणी नको. ज्वारीत जे प्रोटीन कमी पडतं ते तुरीच्या डाळीत असतं, आणि लातूरला राहून डाळीची वानवा आहे असं तुम्ही म्हणणार नाही! जबरदस्तीनं घास कोंबू नका, टीव्ही लावून भरवू नका.

पावडरच्या डब्याचं म्हणाल तर दुकानात उभं राहूनच मागची घटकांची यादी वाचा. जे जास्त असतं ते आधी लिहावं लागतं. साखर कितवी आहे बघा आणि मग पैसे काढा.

शाळेत जंताची गोळी देतात, तो दिवस चुकला असेल तर आरोग्य केंद्रात विचारा. वजन उलटं घटत असेल, सारखा ताप-खोकला किंवा जुलाब असतील, तर महिनाभर थांबू नका, सरळ बालरोगतज्ज्ञाकडं जा.

आणि आजच दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं त्याच्या उंचीची खूण करून तारीख टाका. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढ व्हायला पाहिजे. सहा महिन्यांनी खूण दोन सेंटिमीटरही वर सरकली नाही, तर वजनाचं राहू द्या, उंचीसाठी डॉक्टरला दाखवा.