नाओतो कान पंतप्रधान होण्याआधी जपानमध्ये कशामुळे गाजले?

आरोग्यमंत्री म्हणून. १९९६च्या जानेवारीत पंतप्रधान हाशिमोतो यांच्या मंत्रिमंडळात त्यांना हे खातं मिळालं. एचआयव्हीबाधित रक्तोत्पादनांमुळे हिमोफिलियाचे (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचे) हजाराहून अधिक रुग्ण बाधित झाले होते, आणि त्यासंबंधीची कागदपत्रं सापडत नाहीत असं खातं सांगत होतं. कान यांनी शोध घ्यायला लावला, फायली खात्यातच निघाल्या! फेब्रुवारीत त्यांनी पीडितांची समोरासमोर माफी मागितली. एखाद्या मंत्र्याने आपल्याच नोकरशाहीविरुद्ध असं उभं राहणं मला फार मोठं वाटतं.

बाकी, ते मूळचे पेटंट वकील, नागरी चळवळीतले. अनेक पराभवांनंतर १९८०मध्ये खासदार झाले. पुढे २०१०मध्ये पंतप्रधान. फुकुशिमाची अणुदुर्घटना त्यांच्याच काळातली, त्यानंतर ते अणुऊर्जेचे ठाम विरोधक बनले.