मांसाहार सोडायचाय, पण घरच्यांना कसं सांगू?

गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या पंचविशी-तिशीच्या मुलामुलींकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की शेवटी ठरवलं, एकदा नीट लिहूनच काढू. कुणाला प्राण्यांचं बघवत नाही, कुणी पर्यावरणाचं वाचलेलं असतं, कुणाच्या कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आलेला असतो. कारणं वेगवेगळी, पण पुढची गोष्ट जवळपास तीच. आई रडते, वडील बोलत नाहीत, रविवारचं जेवण म्हणजे शिक्षा. आणि मग मला विचारतात, "मॅडम, मी फक्त माझं खाणं बदललंय, यात एवढं काय झालं?"

एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि लिहायला बापलेक दोघांनीही होकार दिलाय.

मूळ गाव कराडकडचं, वडील नोकरीनिमित्त पुण्यात आले ते इथेच राहिले. मुलगा आयटीत. कत्तलखान्याचा एक व्हिडिओ बघितला आणि त्या दिवसापासून मटण, चिकन, अंडी सगळं बंद. इथवर ठीक होतं. पण पुढच्या महिनाभरात त्याने तेच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकले, आत्याच्या घरी जेवताना "तुम्ही प्रेत शिजवताय" म्हणाला, आणि गावच्या जत्रेला येणार नाही म्हणून सांगून टाकलं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बोलणं बंद केलं. आई दोघांच्या मधे, दोन वेळचे दोन स्वयंपाक करून दमलेली, तिनेच अपॉइंटमेंट घेतली.

पहिल्या भेटीत मुलगा एकटा आला. हातात मुद्देच होते त्याच्या, मोबाइलवर लिहून आणलेले. मी सगळं ऐकून घेतलं. त्याची तळमळ खरी होती, हे फॅड नाहीये हे मला तेव्हाच कळलं. मी एवढंच विचारलं, "अण्णा काय म्हणतात?"

"ताकद जाईल म्हणतात. लोक काय म्हणतील म्हणतात. तेच ते."

"आणि म्हणत नाहीत असं काय आहे?"

गप्प झाला. मी माणसाला एकट्याला बघून उत्तर शोधत नाही, त्याच्या घरासकट बघते, ही माझी कामाची पद्धत पहिल्यापासूनची. म्हणून म्हटलं पुढच्या वेळी अण्णांना घेऊन ये.

अण्णा आले, पण खुर्चीच्या टोकावर बसले. मांसाहार, शाकाहार हा विषयच मी काढला नाही. म्हटलं, "तुमचा रविवार कसा असतो ते सांगा, सकाळपासून." आधी म्हणाले यात काय सांगायचं, आणि मग सांगत सुटले. साडेसहाला घराबाहेर, कारण उशीर झाला की चांगला माल जातो. ठरलेलं दुकान. अर्धा किलो मांडीचं, पाव किलो सीना आणि दोन नळ्या मागून घ्यायच्या. पोरगा लहान असताना स्कूटरवर पुढे उभा राहून यायचा. घरी आल्यावर बायकोला हात लावू द्यायचे नाहीत, स्वतः धुवायचं, हळद-मीठ लावायचं, पातेल्यावर पाण्याचं ताट ठेवून मंद आचेवर शिजवायचं, कुकर नाही. आणि मसाला पडायच्या आधी आळणीची पहिली वाटी पोराला. आठवडाभर शिफ्टमुळे पोराचं तोंड दिसायचं नाही, ती वाटी मात्र कधी चुकली नाही.

एवढं बोलून थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता ती वाटी कुणाला देऊ मॅडम?"

मुलगा खाली बघत बसला होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "अण्णा, मला त्या लाईनीत उभं राहवत नाही. तुमच्या गाडीवर बसायला मी कधी नाही म्हणालो?"

मला वाटलं होतं इथे गाठ सुटली, पण खरी गाठ अजून आत होती. पुढच्या भेटीत अण्णा स्वतःहून बोलले. पुण्यात आले तेव्हा खोली शोधायला जायचे, पहिला प्रश्न असायचा, मांस-मच्छी खाता का? हो म्हटलं की दार बंद. काही ठिकाणी तर आडनाव ऐकूनच. "त्या लोकांनी जे ऐकवलं ना, की तुम्ही खालचे, तुम्ही घाण, तेच आता माझ्या घरात माझं पोरगं मला ऐकवतंय."

मुलगा हादरला. त्याच्या डोक्यात बकरा होता, जात त्याच्या डोक्यात कुठेच नव्हती. पण आपल्याकडे मांस न खाणाऱ्याने मांस खाणाऱ्याला कमी लेखायचा इतिहास मोठा आहे, आजही सोसायट्यांमधे घर देताना तो दिसतो, आणि ज्यांनी तो भोगलाय त्यांना तुमचे पर्यावरणाचे आकडे ऐकूच येत नाहीत, त्यांना जुना अपमान ऐकू येतो. हे ज्या क्षणी समोर आलं त्या क्षणी त्या खोलीतली हवा बदलली. असे क्षण आणता येत नाहीत, पण ते येतील अशी जागा करून ठेवता येते, आणि ते मला जमतं एवढं समाधान मी या कामातून घेते.

मग मी अण्णांना विचारलं, "तुमच्या घरात याआधी कुणी सोडलं होतं?"

"आमचे आबा माळकरी की! पंढरपूरला जाऊन माळ घातली, तेव्हापासून मरेपर्यंत शिवले नाहीत."

"मग घरात मटण बंद?"

"छे, शिजायचं ना. बाहेर वेगळ्या चुलीवर, भांडी वेगळी. आबा ओसरीवर पिठलं-भाकरी खायचे, आणि आईला म्हणायचे, पोरांना जरा जास्त वाढ गं."

मी मुलाकडे बघितलं. त्याला पुढचं काही सांगावं लागलं नाही.

ज्या गावांमधे जत्रेला बकरी पडतात त्याच गावांमधे घराआड माळकरी आहेत, एकादशी करणारे, दारू-मटण वर्ज्य असणारे, आणि शेकडो वर्षं ही दोन्ही माणसं एका घरात नांदली. सोडणाऱ्याला मान होता कारण तो स्वतःपुरतं सोडायचा आणि दुसऱ्याच्या ताटाचा हिशेब ठेवायचा नाही. हां, माळेमागे विठ्ठल उभा असतो, आजच्या मुलाच्या मागे फक्त त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धी, म्हणून घरच्यांना त्याचं वजन पटकन कळत नाही. ते कळायला वेळ द्यावा लागतो आणि वागून दाखवावं लागतं. माझं ठाम मत आहे की एका वर्षाच्या शांत वागण्याने जे होतं ते शंभर व्हिडिओंनी होत नाही.

आता जे मी सगळ्यांनाच सांगते ते.

निर्णय एकदाच सांगा, आईवडिलांना समोर बसवून सांगा, आणि जेवताना सांगू नका. सांगताना त्यांनी आजवर जे खाऊ घातलं त्याबद्दल चांगलं बोला, कारण "मी हे खाणार नाही" हे आईबापाला "तुम्ही मला चुकीचं वाढवलंत" असंच ऐकू येतं. ग्रुपवर काही टाकू नका. कुणी विचारलं तर दोन वाक्यात सांगा आणि विषय बदला. जत्रेला जा, लग्नाला जा, पंगतीत बसा, न खाता बसता येतं. आणि आईवर दुसरा स्वयंपाक लादू नका, सगळ्यात जास्त घरं मी याच्यावरून कुरकुरताना बघितलीयत. आठवड्यातले दोन दिवस तरी तुम्ही ओट्याशी उभं राहा, सगळ्यांसाठी करा.

या घरात मी अण्णांनाच काम दिलं. म्हटलं हात तुमचाच लागला पाहिजे, पदार्थ बदला. कराड-इस्लामपूरकडच्या माणसाला अख्खा मसूर शिकवावा लागत नाही. तोच कांदा-लसूण मसाला, तसाच वर तर्रीचा कट, आणि मसाला पडायच्या आधीचं मसुराचं गरम पाणी वाटीत. पहिल्या रविवारी मुलाने दोनदा मागून घेतलं असं आईने फोनवर सांगितलं. मटणही शिजतं, दुसऱ्या पातेल्यात.

ताकदीची काळजी खोटी नसते, तिला हसू नका. आहार हा माझा विषय नाही म्हणून मी आहारतज्ज्ञाकडे पाठवतेच, पण मोटामोटी सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला साधारण ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात, ५५ किलोच्या बाईला ४६ च्या आसपास. १०० ग्रॅम कच्च्या मसुरात २२ ते २५ ग्रॅम असतात, सोयाबीनच्या वड्यांमधे त्याच्या दुप्पट. म्हणजे रोज डाळ, उसळ, शेंगदाणे, दही नीट खाल्लं तर जमतं, फक्त चहा-पोहे आणि बटाट्याच्या भाजीवर जमत नाही. लोहासाठी उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका. बी-१२ मात्र झाडापाल्यातून भरवशाचं मिळतच नाही, दूध-दही थोडं देतं, तेही सोडणार असाल तर गोळी लागतेच. रक्त तपासून डॉक्टरांना विचारून घ्या. या मुलाने तपासणी केली, बी-१२ कमी निघालं, गोळ्या सुरू केल्या आणि रिपोर्ट स्वतः अण्णांच्या हातात दिला. अण्णांचा विश्वास खरा तिथे बसला.

आणि आईवडिलांसाठी. तुमचं मूल तुम्हाला सोडत नाहीये. चोरून रस्सा घालू नका त्याच्या भाजीत, हे मी खूप घरांमधे ऐकलंय, एकदा कळलं की विश्वास परत यायला फार वेळ लागतो. पण एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवा. मटण सोडलं, मग तेल सोडलं, मग भात, मग भाकरी, यादी वाढतच चाललीय, वजन उतरतंय, मूल सगळ्यांबरोबर जेवायचं टाळतंय, आरशासमोर फार वेळ जातोय, मुलींची पाळी चुकतेय, तर तो शाकाहाराचा प्रश्न राहिलेला नसतो. तिथे वाद घालू नका, वाटही बघू नका, मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घ्या.